मामांच्या ट्रंकेतला डाकोटाचा पत्रा: गाळावा की कापावा? सल्ला हवा आहे

विटेकर

नमस्कार मंडळी. मी विट्याचा. आमच्या भागाची ओळख नसलेल्यांसाठी आधी दोन ओळी. खानापूर तालुक्यातल्या दुष्काळानं आमच्या आज्या-पणज्यांना गाव सोडायला लावलं आणि ती माणसं देशभर जाऊन सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात शिरली. गलाई. आजही कुठल्याही मोठ्या शहरातल्या सराफकट्ट्यामागच्या बोळात शिरलात, तर भट्टीपुढे बसलेला माणूस सांगली जिल्ह्यातला निघण्याची शक्यता फार. माझे वडील, अण्णा, पस्तीस वर्षं कोईमतूरला होते. आता घरीच असतात, पण परसातली भट्टी अजून पेटते.

माझे मामा मात्र या धंद्यात गेले नाहीत. ते १९५८ साली हवाई दलात भरती झाले, एअरफ्रेम फिटर म्हणून. इंजिन नाही, विमानाचं अंग त्यांच्याकडे: पत्रे, सांगाडा, पत्रे जोडणारे रिवेट. बरीच वर्षं जोरहाटला डाकोटा या मालवाहू विमानांवर होते, शेवटची आग्र्याला. मागच्या श्रावणात ते गेले, वय ८६.

त्यांची काळी ट्रंक मामींनी माझ्यासमोर उघडली. वर गणवेश, त्याखाली पत्रं आणि तळाशी सुती पंच्यात गुंडाळलेला ॲल्युमिनियमचा एक पत्रा. साधारण नऊ बाय सहा इंच, एका कडेला रिवेटच्या भोकांची रांग, तीन रिवेट अजून जागेवर. बाहेरची बाजू फिकट चंदेरी, आतली पिवळट हिरव्या रंगाची. सोबत आग्र्याच्या एका भंगारवाल्याची पावती, त्यावर डाकोटाच्या भंगारातला पत्रा असं लिहिलेलं. लिलावात सुटलेल्या लॉटमधून मामांनी तो पैसे मोजून घेतला होता. तो आपण सांभाळलेल्याच विमानाचा आहे, असं ते कधीच म्हणाले नाहीत.

मामींची इच्छा अशी की याचं काहीतरी अंगावर घालता येण्यासारखं करावं. त्या स्वतः, दोन मुली, एक मुलगा, चार नातवंडं आणि मामांचे हयात असलेले तीन सोबती. अकरा नग.

अण्णांचं मत तयार होतं. "आरं, कापून काय तुकडं वाटणार हाईस? मूस ठेव, गाळ, अकरा सारख्या चकत्या पाड. कुणाला कमी नाय, कुणाला जास्त नाय." माझं मन तयार होत नाही. का, ते मला नीट सांगताही येत नाही. इथं सोनारकाम आणि विमानकाम जाणणारी माणसं आहेत, म्हणून विचारतो.

मोती चौक, सातारा

आमची चौथी पिढी सोनारकामात, म्हणून हक्कानं लिहितो. गाळू नका, निदान घाईनं तरी नकोच.

आधी तांत्रिक अडचण सांगतो. चांदी ९६२ अंशांना वितळते, सोनं १०६४ ला. दोन्ही वितळण्याआधी तापून लाल होतात, केशरी होतात, म्हणजे धातू आपल्याशी बोलतो. ॲल्युमिनियम ६६० लाच वितळतं आणि तोवर उजेडात त्याचा रंग काही बदललेला दिसत नाही. पत्रा आहे तसा दिसत असतो आणि क्षणात खाली बसतो. तुमच्या वडिलांनी आयुष्यभर रंगावरून उष्णता ओळखली असणार. इथं ती नजर कामाला येत नाही.

दुसरं, त्याला डाख, म्हणजे सांधा जोडायचा धातू, लागत नाही. म्हणजे आपल्या सवागीनं (टाकणखारानं) आणि चांदीच्या डाखानं लागत नाही. वर ऑक्साइडचा एक अदृश्य पापुद्रा असतो, तो दोन हजार अंशांच्याही वर वितळतो. आतला धातू पाणी झाला तरी वरचं कातडं तसंच राहतं. म्हणून हे काम थंडच करायचं: करवतीनं कापायचं, कानशीनं कड मारायची आणि चांदीच्या काठात बसवून काठ दाबायचा, खडा कोंदणात बसवतो तसं.

आणि एक कळकळीची सूचना. ॲल्युमिनियमची कानस, करवत, पाट सगळं वेगळं ठेवा. त्याचा कण चांदीला चिकटला आणि ती चांदी तापवली की तिथं चांदी खाल्ली जाते, भोक पडतं. आमच्याकडे एका शिकाऊ मुलानं खिडकीच्या पट्टीला मारलेली कानस चांदीच्या पैंजणावर चालवली होती. ते पैंजण शेवटी मुशीतच गेलं.

हरिपूर रोड

मी थोडं उलट बोलतो. गाळल्यानं आठवण जाते असं मला वाटत नाही. नौदलाची जुनी विमानवाहू नौका आयएनएस विक्रांत १९९७ साली सेवेतून निवृत्त झाली, मुंबईत काही वर्षं संग्रहालय म्हणून उभी राहिली आणि २०१४ मध्ये भंगारात निघाली. तिच्या पोलादातला काही भाग बजाजनं घेतला आणि २०१६ साली व्ही नावाची मोटरसायकल काढली. मी पहिल्याच महिन्यांत घेतली. माझे थोरले काका नौदलात होते. गाडी घरी आणली तेव्हा ते कितीतरी वेळ टाकीवर हात ठेवून उभे होते. ते पोलाद तर पूर्ण वितळलेलं होतं. जहाजाची एक खूणही त्यावर नव्हती. तरी त्यांना ती विक्रांतच वाटली.

अकरा माणसांना सारखं मिळावं, हे तुमच्या वडिलांचं म्हणणंही मला मोलाचं वाटतं. घरात वाटण्या होतात तेव्हा सारखेपणाला फार किंमत असते.

विटेकर

तुमच्या काकांचं वाचून अण्णांना वाचून दाखवलं. त्यांना बरं वाटलं. मलाही तुमचा मुद्दा खोडता येत नाही.

ओझरकर काका

मी नाशिकजवळच्या ओझरच्या कारखान्यात पत्राकाम केलं, मिग या लढाऊ विमानांवर. सासुरवाडी मिरजेची, म्हणून या धाग्यावर आलो. डाकोटावर मी हात चालवलेला नाही, पण पत्र्याची जात तीच.

पहिलं आणि सर्वांत महत्त्वाचं: आतला तो पिवळट हिरवा रंग म्हणजे झिंक क्रोमेट. गंज लागू नये म्हणून मारायचे. तो विषारी आहे, त्याची धूळ फुफ्फुसात गेली तर कर्करोगाचा धोका असतो. कोरडा पॉलिशपेपर मारू नका. फुंकर घालू नका. तापवू तर अजिबात नका. कापताना ओलं ठेवा, तोंडाला धुळीचा चांगला मास्क लावा, ओल्या फडक्यानं पुसा आणि ते फडकं वेगळं बांधून टाका. रंग ठेवायचा असेल तर वर पारदर्शक लॅकर देऊन ती बाजू चांदीच्या पाठीमागे कायमची बंद करा. कातडीला लागता कामा नये, आणि लहान मुलाच्या नगात तर तो ठेवूच नका.

आता धातूबद्दल. हे नुसतं ॲल्युमिनियम नाही. शुद्ध ॲल्युमिनियम हातानं वाकतं, त्याचं विमान होत नाही. जर्मनीत आल्फ्रेड विल्म नावाचा धातुशास्त्रज्ञ होता. त्यानं ॲल्युमिनियममध्ये चारेक टक्के तांबं आणि थोडं मॅग्नेशियम घालून, तापवून पाण्यात विझवून पाहिलं. लगेच काही फरक दिसला नाही. पण तोच तुकडा दोन-तीन दिवस नुसता पडून राहिला आणि आपोआप कठीण झाला. हे १९०६ चं. त्यातून ड्युरॅल्युमिन आलं आणि त्यातून आपली सगळी जुनी विमानं.

तुमचे मामा फ्रीजमधल्या रिवेटबद्दल कधी बोलले का? काही जातीचे रिवेट तापवून विझवले की लगेच वापरावे लागतात, नाहीतर तासाभरात कडक व्हायला लागतात आणि ठोकताना फुटतात. म्हणून ते बर्फात नाहीतर फ्रीजमध्ये ठेवायचे, कडक होणं लांबतं. त्या काळच्या प्रत्येक फिटरला हे पाठ असायचं.

अजून एक. डाकोटाच्या पत्र्याला अल्क्लॅड म्हणतात. आत ती मिश्रधातूची जाड पट्टी, आणि दोन्ही अंगांना शुद्ध ॲल्युमिनियमचा पातळ थर. आतल्या तांब्यामुळे गाभ्याला गंज लवकर लागतो, वरचा शुद्ध थर त्याला झाकतो. तुमचा पत्रा पाऊण-एक मिलिमीटरचा असेल तर तो थर केसापेक्षा जाड नाही. आरशासारखा चकाकावा म्हणून बफवर (पॉलिशच्या चाकावर) धरलात तर कवच गेलं म्हणून समजा. आणि गाळलात तर कवच आणि गाभा एकत्र होऊन जे मिळेल ते विमानाचं धातू राहणारच नाही, साधं ओतीव ॲल्युमिनियम होईल.

विटेकर

काका, फ्रीजमधल्या रिवेटचं वाचून मी मामींना फोन लावला. त्या लगेच म्हणाल्या, "होय की. लग्नानंतर पहिल्यांदा जोरहाटला गेले तवा मला म्हणाले, आमच्या फ्रीजमधी खिळं असत्यात. मला वाटलं थट्टा करतायत." साठ वर्षांनी त्यांना त्या वाक्याचा अर्थ लागला. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. तुमचे आभार कसे मानू?

माणदेशी लेक

एक प्रश्न विचारायचा आहे, मनाला लागून राहिलाय म्हणून. माझा चुलतभाऊ हवाई दलात होता आणि विमान अपघातात गेला. विमानाचा पत्रा म्हटलं की मला तेच आठवतं. हा पत्रा पडलेल्या विमानाचा तर नाही ना?

हल्ली ऑनलाइन लढाऊ विमानाच्या पत्र्याची म्हणून किचेनं आणि लॉकेटं विकायला असतात. कुठल्या विमानाची, ते कसं गेलं, काही लिहिलेलं नसतं. १९६८ च्या फेब्रुवारीत चंडीगडहून लेहला निघालेलं हवाई दलाचं एएन-१२ विमान बेपत्ता झालं, त्यात १०२ जण होते. त्याचे अवशेष २००३ साली हिमनदीत सापडले, आणि २०२४ मध्येसुद्धा तिथून चार जवानांचे मृतदेह खाली आणले. छप्पन्न वर्षांनी. अशा जागचा पत्रा कुणी उचलून आणून त्याचं लॉकेट केलं, तर ते माझ्या काकूच्या गळ्यात मी कसं बघू?

विटेकर

ताई, तुम्ही विचारलंत ते बरं केलं. पावतीत लॉट लिलावाचा आहे, म्हणजे सेवेतून काढून मोडीत घातलेलं विमान. पत्र्याला चुरगळल्याच्या, जळल्याच्या खुणा नाहीत. रिवेट व्यवस्थित ड्रिल करून काढलेत, भोकांच्या कडा गोल आहेत. ओझरकर काका, फोटो टाकलाय, बघाल का?

ओझरकर काका

पाहिला. हे हातानं सावकाश मोडलेलं काम आहे. अपघातातलं रिवेट भोकाला लांबोळं करून, पत्रा फाडून निघतं. ताईंनी निश्चिंत असावं.

आणि ताईंचं म्हणणं योग्यच आहे. इंग्लंडमध्ये स्पिटफायर या दुसऱ्या महायुद्धातल्या लढाऊ विमानाच्या पत्र्याचे कफलिंक आणि पदकं करणारे कारागीर आहेत. तिथं १९८६ चा कायदा आहे, पडलेल्या लष्करी विमानाच्या अवशेषाला परवान्याशिवाय हात लावता येत नाही. आपल्याकडेही पावती नसेल तर असला पत्रा विकत घेऊ नये. सेवेतल्या माणसानं उचलून आणलेला असेल तर तो सरकारी माल आहे. तुमच्या मामांनी भंगारवाल्याला पैसे देऊन पावती जपली, यावरून माणूस कळतो.

माणदेशी लेक

धन्यवाद काका. आता मी हा धागा शांतपणे वाचू शकेन.

अपशिंगेकर

सातारा तालुक्यातलं आमचं गाव, अपशिंगे मिलिटरी. पहिल्या महायुद्धात गावातले ४६ जण कामी आले, त्याचा स्तंभ गावात आहे. घरटी एक माणूस फौजेत ही आमच्याकडची रीत.

आमच्या देव्हाऱ्याशेजारी एक पितळी फुलदाणी आहे. तोफगोळ्याचं रिकामं काडतूस ठोकून केलेली. पणजोबा मराठा पलटणीतून मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, लढले, तिथून आणलेली. कुणी केली ते माहीत नाही, पण तळाला कारखान्याचे आकडे आणि साल जसंच्या तसं आहे. करणाऱ्यानं अंगावर वेलबुट्टी काढली, तळाला मात्र हात लावला नाही. फ्रान्सच्या खंदकांत तर शिपाई जर्मन गोळ्यांच्या टोकाच्या ॲल्युमिनियमच्या अंगठ्या करत आणि घरी पाठवत. म्हणजे तुम्ही जे करताय ते सैनिकांनीच आधी करून ठेवलेलं आहे.

लहानपणी मी त्या फुलदाणीचा तळच बघायचो. वेलबुट्टी बाजारात पण मिळते. तो तळ बाजारात मिळत नाही. माझं मत कापण्याकडे.

विश्रामबाग

मी इथं सांगलीत इंजिनिअरिंगला शिकवते. दोन गोष्टी सांगायचा मोह आवरत नाही.

आमच्या गावात वालचंद कॉलेज आहे, त्यातले वालचंद म्हणजे सोलापूरचे वालचंद हिराचंद. डिसेंबर १९४० मध्ये बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट त्यांनीच सुरू केली, आजची एचएएल. युद्धकाळात तिथं अमेरिकन विमानांची दुरुस्ती चालायची, त्यात डाकोटाही असत. युद्धानंतर उरलेली डाकोटा विमानं तिथंच नीट करून वापरात आणली गेली. मुलांना मी हे सांगते तेव्हा त्यांना खरं वाटत नाही की आपल्या कॉलेजच्या पाटीवरचं नाव विमानाशी जोडलेलं आहे.

दुसरी गोष्ट भंगाराची. युद्ध संपल्यावर लिबरेटर नावाची अवाढव्य बॉम्बफेकी विमानं कानपूरला मुद्दाम मोडतोड करून टाकून दिली होती, पुन्हा कुणी उडवू नयेत म्हणून. १९४८ साली एचएएलच्या माणसांनी ती तिथल्या तिथं जेमतेम उडण्याजोगी केली. जिमी मुन्शी या चाचणी वैमानिकानं ती कानपूरहून बंगळूरला उडवत नेली, आणि तिथं पूर्ण दुरुस्त होऊन चाळीसहून अधिक विमानं हवाई दलाला मिळाली. ज्यांनी मोडली त्यांना वाटलं भंगार झालं. आपल्या फिटरांना वाटलं नाही. तुमचे मामा त्याच जातीच्या कामातले.

कोरायचं काय, तेही सांगून ठेवते. डाकोटा म्हटलं की २७ ऑक्टोबर १९४७ आठवतो, पहिल्या शीख पलटणीला घेऊन श्रीनगरला उतरलेली विमानं. नाहीतर १९४८ च्या मे महिन्यात हवाई दलाच्या मेहर सिंगांनी लेहला उतरवलेलं डाकोटा, साडेअकरा हजार फुटांवर, धड धावपट्टीही नसताना. 'श्रीनगर १९४७' असं मागे कोरलं तर नातवंडांना इतिहास कळेल.

ओझरकर काका

ताई, इतिहास नातवंडांना जरूर सांगावा, पण पत्र्यावर कोरू नये. हा पत्रा श्रीनगरला उतरला होता असं पावती म्हणत नाही. पावती 'डाकोटा' म्हणते, तेवढंच कोरावं. आम्ही विमानाच्या कागदावर सही करायचो तेव्हा स्वतः तपासलं असेल तेवढ्याचीच करायचो. मामांनीही तशाच सह्या केल्या असतील.

विश्रामबाग

मान्य. मी उत्साहात लिहून गेले. 'डाकोटा' आणि मामांचं नाव, बस.

विटेकर

चार दिवसांनी लिहितोय, कारण मधे घरात एक प्रयोग झाला.

इथले प्रतिसाद रोज रात्री अण्णांना वाचून दाखवत होतो. ते ऐकायचे आणि काही बोलायचे नाहीत. रविवारी सकाळी उठून पाहतो तर भट्टी पेटलेली. म्हणाले, "एक कोपरा दे, नखाएवढा. रंग नसलेला." पत्र्याचा एक कोपरा आधीच तुटका होता, तो मी ओलं करून, रंग काढून दिला. मग त्यांनी स्वयंपाकघरातून जुनी, बूड गेलेली कढई मागवली आणि तिचाही तेवढाच तुकडा घेतला. दोन मुशी. मोती चौकवाल्या दादांनी लिहिलं होतं तसंच झालं. अण्णा रंगाची वाट बघत होते आणि रंग आलाच नाही, धातू अचानक खाली बसला. "हे मुकं हाय," म्हणाले.

दोन्ही गोळ्या गार झाल्यावर त्यांनी पाटावर शेजारी-शेजारी ठेवल्या आणि मला पाठ फिरवायला सांगितली. त्या अदलाबदल करून मला विचारलं, विमान कुठलं? मला सांगता आलं नाही. मग मी तसंच त्यांना विचारलं. त्यांनी गोळ्या हातात घेतल्या, वजन केलं, नखानं ओरखडल्या, उजेडात धरल्या. त्यांनाही सांगता आलं नाही.

ज्या माणसानं पस्तीस वर्षं नुसत्या हातानं सोन्याचा टंच, म्हणजे शुद्धता, ओळखला, तो दोन्ही गोळ्या मुठीत धरून ओट्यावर बसून राहिला. मग जे बोलले ते इथं लिहून ठेवतो. "आमच्या धंद्यात गिऱ्हाईक आजीची बुगडी घिऊन येतंय, कुणी मोडलेलं मंगळसूत्र घिऊन येतंय. आमी समदं एकत्र गाळतो. कुणाचं काय हुतं ते उरूच द्यायचं नसतंय, शुद्ध सोनं तेवढं उरवायचं. त्येच आमचं इमान. पर हितं शुद्ध करायचंच न्हाय. हितं जे चिकटलंय त्येच ठेवायचंय."

म्हणजे कापायचं ठरलं. हरिपूर रोडवाल्या दादा, तुमचा मुद्दा अण्णांनी सोडलेला नाही. अकराही नग वजनाला सारखे झाले पाहिजेत, ही अट त्यांनी घातली आहे.

हरिपूर रोड

वाचताना गहिवरून आलं. कापाच. आणि अट मात्र पाळा.

मोती चौक, सातारा

आता कामाचं बोलू. चांदीचं सगळं डाखकाम आधी संपवा: काठ, पाठ, कडी. तेजाबात टाकून धुऊन, पूर्ण कोरडं करून मगच पत्रा बसवा. पत्रा बसल्यावर ज्योत जवळही न्यायची नाही. काठ दाबताना अकीक दगडाच्या नाहीतर गुळगुळीत पोलादी दट्ट्यानं, समोरासमोरच्या बाजू आळीपाळीनं दाबायच्या.

चांदी आणि ॲल्युमिनियम घामात एकमेकांना लागले की ॲल्युमिनियम झिजतं, पांढरी भुकटी धरते. म्हणून पत्र्याच्या कडेला आणि पाठीला लॅकरचे दोन हात द्या आणि वाळू द्या, मग बसवा. कडं किंवा अंगठी करायचा मोह टाळा. हा पत्रा तीव्र वळणाला तडकतो, आणि मऊ करायला तापवला की ओझरकर काका सांगतात तो कडकपणा गेला. तो आयुष्यभर जवळजवळ सपाट होता, सपाटच राहू द्या.

सातारला येणं झालं तर हत्यारं माझ्याकडची वापरा. ॲल्युमिनियमसाठी वेगळा पाट मांडून ठेवतो.

विटेकर

दादांच्या दुकानी दोन दिवस राहिलो. त्यांनी मजुरी घेतली नाही. चांदीचे पैसे तेवढे घ्यायला लावले, तेही वाद घालून.

काम कसं झालं ते थोडक्यात. अकरा चौकोन, प्रत्येकी तीन बाय दोन सेंटिमीटर, कडा हलक्या गोल. नऊ नगांना लॉकेटची कडी. मुलाला आणि एका नातवाला कफलिंकऐवजी कोटावर लावायचं पदक हवं होतं. बाहेरची बाजू नुसती कोमट पाणी आणि साबणानं धुतली. बारीक ओरखडे, एका जागी पावसानं की कशानं पडलेला डाग, सगळं आहे तसं. नातवंडांच्या चार नगांचा रंग ओल्यानं पूर्ण काढला, बाकीच्यांचा लॅकरखाली चांदीच्या आत बंद आहे.

रंग काढताना जे दिसलं ते सांगण्यासाठीच खरं तर लिहायला बसलो. हिरव्या थराखाली पत्र्यावर शाईची तिरकी इंग्रजी अक्षरं निघाली, गिरणीतून पत्रा बाहेर पडताना मारलेली: 'अल्क्लॅड २४ एसटी'. पुसट, पण वाचता येणारी. ओझरकर काकांनी जो शब्द इथं लिहिला होता तोच पत्र्यावर. दादा आणि मी करवत खाली ठेवून कितीतरी वेळ ती बघत बसलो. अक्षरांचा तो भाग आम्ही कापलाच नाही. राहिलेला अर्ध्याहून जास्त पत्रा, अक्षरं आणि दोन रिवेट धरून, अखंड ठेवला. तो पावतीसह मामींच्या घरी काचेत राहील. ताई, तुमच्या विद्यार्थ्यांना बघायला यायचं असेल तर मामींना आनंदच होईल.

ओझरकर काका

ती अक्षरं वाचवलीत, फार मोठं काम केलंत. ती शाई ऐंशी वर्षं टिकली त्या हिरव्या रंगामुळे. आता वर हात फिरवू देऊ नका कुणाला.

अपशिंगेकर

हाच तो तळ.

विटेकर

शेवटचं लिहितो. काल तासगावला मामींच्या घरी सगळे जमले. मामांच्या सोबत्यांपैकी दोघं आले होते, एक पुण्याहून, एक थेट बेळगावहून. तिसऱ्यांना प्रवास झेपत नाही, त्यांचा नग मी नेऊन देणार आहे. बेळगावच्या काकांनी लॉकेट हातात घेऊन आधी अंगठ्यानं कड तपासली, नवीन पत्र्याची तपासतात तशी. म्हणाले, "कड चांगली मारलीय." मग डोळे पुसले.

अकरा नग मामींसमोर मांडले आणि त्यांना पहिला निवडायला सांगितला. त्यांनी रिवेट असलेला एकुलता एक उचलला. तिसरा रिवेट त्या चौकोनात आला होता, आम्ही तो काढला नव्हता. म्हणाल्या, "हा फ्रीजमधला."

निघताना अण्णांनी खिशातून काचेची एक छोटी डबी काढून मामींच्या हातात दिली. मला माहीतही नव्हतं. साताऱ्याला ते माझ्यासोबत आले होते आणि दोन्ही दिवस पाटाखाली ओलं फडकं अंथरून बसले होते. सोनाराच्या दुकानातला कचरा झारेकरी कण न कण धुऊन घेतो, तसं त्यांनी करवतीचा आणि कानशीचा चुरा गोळा केला, पुन्हापुन्हा धुतला, वाळवला. रंग नसलेल्या जागेचा तेवढाच, बाकीचा काकांनी सांगितल्याप्रमाणे वेगळा बांधून टाकला. नखाएवढ्या कोपऱ्याची ती गाळलेली गोळीही त्यातच आहे. कढईची कुठली आणि विमानाची कुठली हे सांगता येत नाही, म्हणून दोन्ही ठेवल्यात.

डबीला अण्णांनी तोंडाशी मेण लावून बंद केलंय आणि वर कागद चिकटवलाय, पेढीवर चिकटवायचे तसा. त्यावर मामांचं नाव, तारीख आणि खाली चुऱ्याचं वजन: १ ग्रॅम ८६० मिली. मामींनी डबी ट्रंकेत ठेवली, गणवेशाच्या वर.